श्रवणाची उजळणी

माध्यमिक शाळेतल्या मुलांना संगीताच्या परीक्षेत 'ऐकून राग ओळखा' म्हटले की घाम फुटतो. आरोह-अवरोह तोंडपाठ, पण सूर कानी पडला की गोंधळ! उजळणी वहीची झाली, कानाची राहिली.

आपल्या घरी नित्य भजन आहे. तिथेच मुलाला जवळ बसवावे. एके दिवशी भजनी ठेक्याच्या आठ मात्रा हातावर मोजू द्याव्यात, दुसऱ्या दिवशी केवळ सुराकडे कान. भूप आणि देशकार दोहोंचे स्वर तेच: सा, रे, ग, प, ध. मग भेद कशात? भूपात गंधार वादी, देशकारात धैवत वादी, नि चाल वरच्या अंगाची. जाणत्या बुवांकडून दोन्ही लागोपाठ म्हणवून घ्यावेत आणि मुलाला 'कोणता?' एवढेच विचारावे. चुकले तर रागावू नये. भ्यालेला कान ऐकत नाही.

नवविधा भक्तीत श्रवण पहिले, कीर्तन दुसरे. आम्ही मात्र मुलांच्या हाती टाळ देऊन लगेच 'म्हण' म्हणतो, 'ऐक' म्हणत नाही. हा दोष आमचा, लेकरांचा नव्हे. आजच्या हरिपाठापासूनच तो सुधारू या.