कार्पेटखालची ओल आणि तिचा हिशेब

नगरकडे घरात बुरशी येते म्हटले की कोकणातला माणूस हसतो. शहरात वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत, टँकर पाचवीला पुजलेले. पण सावेडी, केडगाव किंवा भिंगारला तळमजल्यावरची भाड्याची खोली असेल तर श्रावण-भाद्रपदात कार्पेटचा भिंतीकडचा कोपरा उचलून पाहावा. खाली काळे-हिरवे ठिपके, कुबट वास आणि घाम फुटल्यासारखी ओली फरशी असे दृश्य अनेक घरांत सापडते. ही ओल बहुतेक वेळा आभाळातून थेट आलेली नसते. ती जमिनीतून, नळातून किंवा स्लॅबमधून येते. म्हणून कार्पेट धुण्यावर रुपया खर्च करण्याआधी ओलीचा उगम शोधायचा. तो सापडला की खर्च किती आणि तो कुणी करायचा, हे दोन्ही ठरते.

शोधायला पैसे लागत नाहीत. कार्पेट काढून फरशी पुसून कोरडी करा. फूटभर चौरस प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने फरशीवर घट्ट लावा आणि एक-दोन दिवस राहू द्या. कागदाच्या खालच्या बाजूला पाणी जमले तर ओल जमिनीतून वर येते आहे. वरच्या बाजूला दव धरले तर खोलीतली हवा दमट आहे. दोन्हीकडे कोरडे राहिले आणि तरी एकच कोपरा ओला असेल, तर त्या भिंतीपलीकडे बाथरूम, मोरी किंवा पाण्याची टाकी आहे का ते बघा. मीटर असेल तर सगळे नळ बंद करून काटा पाहा; काटा फिरला तर पाइप गळतो आहे. जिथे नळाला रोज पाणी येत नाही तिथे टाकी भरून ठेवावी लागते, आणि पहाटे मोटार बंद करायची राहिली की टाकी वाहून भिंतीच्या पायात पाणी मुरते. हे कारण अगदी साधे, म्हणूनच शेवटी लक्षात येते.

भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत रंगाचे पापुद्रे निघत असतील आणि पांढरी पूड सुटत असेल तर लोणा लागला आहे. प्रवरा, मुळा आणि गोदावरीच्या कालव्यांखालच्या भागात, म्हणजे राहाता, श्रीरामपूर, कोपरगाव, राहुरीकडे, हा प्रकार जास्त. भंडारदरा धरण 1926 मध्ये पूर्ण झाले तेव्हापासून प्रवरेच्या कालव्यांनी बारमाही ऊस दिला, आणि त्याबरोबर काही पट्ट्यांत पाणथळ, खारवट जमीनही दिली. काळी माती पाणी धरून ठेवते. जुन्या घराच्या पायात ओलरोधक थर नसला की ते पाणी विटांतून वर चढते. अशा भिंतीवर नुसता रंग मारणे म्हणजे एका पावसाळ्याची सोय.

आता कार्पेटकडे. भाड्याच्या खोलीत बहुधा मिळते ते पीव्हीसीचे रोलमधले कार्पेट, चौरस फुटाला साधारण पंधरा ते चाळीस रुपयांचे. दहा बाय बाराच्या खोलीला दोन ते पाच हजारांचा खर्च. फुटलेली शहाबादी किंवा खड्डे पडलेला कोबा झाकायला घरमालक ते टाकतो, नाहीतर ‘तुम्हीच टाकून घ्या’ म्हणतो. जमिनीतून येणारी ओल या प्लास्टिकखाली अडकते आणि तिला सुटकेला वाट राहत नाही. पीव्हीसीवर बुरशी फार खोल जात नाही, त्यामुळे शीट वाचते: साबणाच्या पाण्याने दोन्ही बाजू घासायच्या, पुसायच्या, गच्चीवर वाळवायच्या, पण कडक उन्हात तासन्‌तास नाही, कारण ती वाकडी होते. खर्च पन्नास-शंभर रुपये. मात्र पाठीला फोम किंवा कापडाचा थर असेल तर तो थर बुरशी सोडत नाही. तो तुकडा टाकून द्यावा. आणि फरशी ओली असेल तर नवे कार्पेट मुळीच टाकू नये. तिथे उघडी फरशी, वर पाट किंवा प्लास्टिकच्या पट्ट्यांची चटई हेच शहाणपण. दिसायला बरे नसेल, पण पाहुणे काही फरशी पाहायला येत नाहीत.

सतरंजी आणि सुती जाजमाला सर्वांत कमी धोका. ती गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि साबण घालून भिजवावी, दोन-तीनदा खळबळून काढावी आणि दोन्ही बाजूंनी दिवसभर कडक उन्हात टाकावी. नगरच्या ऑक्टोबरातल्या उन्हासारखे जंतुनाशक दुकानात मिळत नाही. ओली मोठी सतरंजी एकट्याने उचलवत नाही, म्हणून गाड्यांच्या वॉशिंग सेंटरवर प्रेशर पंपाने धुऊन घेणारेही बरेच. दोनशे ते चारशे रुपयांत काम होते. फक्त पाणी पूर्ण निथळल्याशिवाय गुंडाळून आणू नका.

यंत्रावर विणलेला कृत्रिम धाग्याचा गालिचा, पाच बाय सातचा, बाजारात दीड ते तीन हजारांना येतो. धुऊन देणारे मापाप्रमाणे किंवा नगावर पैसे घेतात. शहरात पाचशे ते बाराशेपर्यंत मागतात, घरी येऊन नेणार असतील तर वर. माझा हिशेब सरळ आहे. धुलाई नव्याच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त होत असेल आणि बुरशी पाठीपर्यंत गेली असेल तर गालिचा जाऊ द्यावा. हाताने गाठी मारलेला लोकरी गालिचा मात्र वेगळा. त्याला ब्लीच लावायचे नाही, गरम पाणीही नाही. तो जाणकाराकडेच द्यावा, त्यासाठी पुण्याला न्यावा लागला तरी.

घरी करायचे असेल तर काम घराबाहेर करा. खोलीत काठीने झोडपले तर बुरशीचे कण पंख्याबरोबर घरभर पसरतात. पंचवीस-तीस रुपयांचा एन-95 मास्क, रबरी हातमोजे आणि जुना ब्रश पुरे. वासासाठी पांढरे व्हिनेगर, अर्धा लिटर चाळीस-साठ रुपयांना, निम्मे पाणी घालून फवारावे, पण आधी कोपऱ्यावर रंग जातो का पाहावे. ब्लिचिंग पावडर फरशीला ठीक, गालिच्याला नाही: ती वरचा डाग उडवते आणि आतली बुरशी जिवंत ठेवते. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. ब्लिचिंग पावडर आणि संडासाचे ॲसिड, किंवा ब्लिचिंग आणि व्हिनेगर, एकत्र कधीही करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. घरात दमेकरी, लहान मूल किंवा म्हातारे माणूस असेल तर ही साफसफाई त्यांना शेजारी पाठवूनच करावी.

ओले कार्पेट एक-दोन दिवसांत वाळले नाही तर बुरशी धरायला लागते. म्हणून पाणी शिरले की आधी कार्पेट उचला, भांडण नंतर करा. पुराच्या पाण्याची गोष्ट आणखी वेगळी. सप्टेंबर 2025 मध्ये पाथर्डी, शेवगावकडे घरांत पाणी घुसले तेव्हा त्यात गटारही होते. असे भिजलेले गालिचे आणि कापसाच्या गाद्या वाचवण्याच्या नादी लागू नये. टाकण्याआधी फोटो काढा आणि तलाठ्याच्या पंचनाम्याला स्वतः हजर राहा. घर मालकाचे असले तरी सामान तुमचे आहे, आणि पंचनाम्यात ते तुम्हीच सांगायचे असते.

डिह्युमिडिफायर घ्यावा का, असे हल्ली बरेच जण विचारतात. घरगुती यंत्र आठ-दहा हजारांपासून सुरू होते आणि वीज वेगळी. नगर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेडला तो पैसा वाया. त्यापेक्षा दोन-तीनशे रुपयांचे आर्द्रता दाखवणारे मीटर आणा. आकडा साठच्या वर राहत असेल तर समोरासमोरच्या खिडक्या उघडा आणि दोरीवरचे कपडे खोलीबाहेर न्या. बाथरूमला बाराशे ते अडीच हजारांचा एक्झॉस्ट पंखा बसवा. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला मात्र हे नियम चालत नाहीत. घाटघर, रतनवाडी, भंडारदऱ्याकडे वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि हवाच ओली असते. तिथे भाड्याने राहणाऱ्या शिक्षकांनी, आरोग्य सेवकांनी ज्येष्ठ सरायच्या आत सतरंज्या-गालिचे उन्हात कडकडीत वाळवून, सुती चादरीत गुंडाळून उंचावर ठेवावेत आणि थेट कोजागिरीनंतर काढावेत. प्लास्टिकमध्ये बांधू नयेत.

आता खर्च कुणाचा? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 प्रमाणे घर राहण्याजोग्या दुरुस्त अवस्थेत ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच, एवढी मर्यादा. आठ हजार महिना भाडे असेल तर वर्षाचे शहाण्णव हजार, म्हणजे चोवीस हजारांपर्यंत. प्लंबरची तीन-पाचशेची फेरी, एका भिंतीचा खालचा गिलावा काढून ओलरोधक गिलावा, गच्चीच्या सांध्यांचे काम, हे बहुतेकदा एवढ्यात बसते. पावत्या आणि हिशेब जपून ठेवा. कायदा त्यांनाच खर्चाचा पुरावा मानतो. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा आणि त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर फोटोही टाका.

इथे दोन अडचणी आहेत. हा कायदा त्याच्या परिशिष्टांतल्या भागांनाच लागू होतो, तेव्हा आपले गाव त्यात आहे का ते वकिलाला विचारा. दुसरी अडचण मोठी. आज बहुतेकांकडे अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार असतो, आणि असा राहणारा कायद्याच्या अर्थाने ‘भाडेकरू’ नसतो. त्यामुळे कलम 14 वर विसंबून भाडे कापायला जाऊ नका. तुमचा आधार म्हणजे करारातली वाक्ये. सही करण्याआधी एक ओळ घालून घ्या: गळती, ओल आणि प्लंबिंगची दुरुस्ती मालक पंधरा दिवसांत करील, न केल्यास राहणाऱ्याने केलेला खर्च पुढच्या भाड्यातून वजा होईल. कराराची नोंदणीही करा, कारण कलम 55 प्रमाणे ती सक्तीची आणि जबाबदारी मालकाची आहे. मुद्रांक शुल्क भाडे आणि अनामतीवरच्या व्याजाच्या पाव टक्का. आठ हजार भाड्याला आणि पंचवीस हजार अनामतीला ते दोन-तीनशेच्या घरात जाते. नोंदणी फी महापालिका हद्दीत हजार रुपये, ग्रामीण भागात पाचशे.

दुसरी बाजूही ऐकावी. बंद खिडक्या, खोलीत वाळणारे कपडे, वाहती टाकी यांमुळे बुरशी आली तर घरमालक अनामतीतून पैसे कापेल, आणि त्यात गैर काही नाही. तुमचे स्वतःचे कार्पेट धुण्याचा खर्च ही तर दुरुस्तीच नव्हे. तो मागायचा असेल तर गळतीमुळेच नुकसान झाले हे दाखवावे लागते. राहायला येताना चारही कोपऱ्यांचे फोटो काढून मालकाला पाठवले असतील तर हा वाद बहुधा उभाच राहत नाही.

धुलाईवाल्याने गालिचा खराब केला तर मात्र तुम्ही सरळ ग्राहक आहात. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. तिथे नाही जमले तर जिल्हा ग्राहक आयोग आहे; पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही आणि तक्रारीला मुदत दोन वर्षांची. गालिचा देताना पावतीवर माप, आधीचे डाग आणि ठरलेली रक्कम लिहून घ्या.

आणि घर पाहायला चैत्र-वैशाखात गेलात तर कोरडी भिंत बघून भुलू नका. नुकताच मारलेला रंग फक्त खालच्या तीन फुटांत असेल, किंवा कार्पेट एकाच खोलीत नवेकोरे असेल, तर मालकाच्या देखतच कोपरा उचला. मग शेजाऱ्यांच्या दारात जाऊन भाद्रपदात इथे काय असते ते विचारा.