व्हायोलिनचा गळा

व्हायोलिन आपल्याकडे आले ते साहेबाच्या सामानाबरोबर. त्याची लाकडी पेटी, चार तारा, घोड्याच्या केसांचा गज, यांत फारसा फरक न करता आपण ते जसेच्या तसे घेतले. बदलली ती बसण्याची रीत आणि तारा लावण्याची पद्धत. एवढ्यानेच त्या वाद्याची भाषा पालटली. ती कशी पालटली, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पाश्चात्त्य वादक व्हायोलिन हनुवटी आणि खांदा यांमध्ये धरतो. आपला वादक मांडी घालून बसतो, वाद्याचे टोक उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवतो व दुसरी बाजू छातीशी किंवा खांद्याशी लावतो. त्यामुळे वाद्य पेलण्याचे काम डाव्या हाताला उरत नाही. तो तारेवरून हवा तितका घसरू शकतो. आपल्या रागसंगीताला हवी असते ती हीच घसरण, म्हणजे मींड. तिकडे चारही तारा एकमेकींपासून पंचमाच्या अंतरावर लावतात. आपल्याकडे बहुधा षड्ज-पंचमाच्या जोड्यांत लावतात. म्हणजे मोकळी तार छेडली तरी ती रागाच्या घरातच बोलते.

आमच्या वाघोलीत काय किंवा कुठल्याही गावात काय, भजनाला पेटी हवीच. पण पेटीवर एका सुरावरून दुसऱ्या सुरावर उडी मारावी लागते, मधली वाट तिला ठाऊक नसते. याच कारणावरून 1940 साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती पुढे तीसएक वर्षे टिकली. (पेटीचे काही बिघडले नाही, हा भाग वेगळा!) व्हायोलिनला पडदे नाहीत, पट्ट्या नाहीत. ही त्याची मोकळीक, आणि धोकाही. पेटी शिकणाऱ्याला सूर तयार मिळतो. व्हायोलिन शिकणाऱ्याला तो दर वेळी बोटाने शोधावा लागतो, आणि बोट केसभर चुकले तरी ते सभेतल्या शेवटच्या माणसाला कळते.

दक्षिणेत एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी बालुस्वामी दीक्षितर यांनी हे वाद्य कर्नाटक संगीतात आणले, आणि तेथे ते गायनाच्या साथीचे प्रमुख वाद्य झाले. उत्तरेत मात्र साथीची जागा सारंगीने व नंतर पेटीने धरलेली होती. त्यामुळे व्हायोलिनला येथे उभे राहायचे तर एकट्याच्या बळावरच उभे राहावे लागले, असे मला वाटते. या कामी महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. गजाननबुवा जोशी (1911–1987) हे स्वतः थोर गवई. गळ्यात जे होते ते त्यांनी गजावर आणले. वाईला जन्मलेले पं. वि. गो. जोग (1922–2004) यांनी लयकारीचा आणि तंतवाद्यांचा बाज जवळ केला. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांच्या सनईबरोबरच्या त्यांच्या जुगलबंद्या प्रसिद्ध आहेत. कोल्हापूरचे पं. दा. के. दातार (1932–2018) यांनी उलट वाट धरली. द. वि. पलुसकर हे त्यांचे मामा; ख्यालाची संथ बढत, एका गजात पूर्ण होणारी लांब ओळ, हे त्यांच्या वादनाचे वैशिष्ट्य. आणि जन्माने दाक्षिणात्य असलेल्या डॉ. एन. राजम यांनी पं. ओंकारनाथ ठाकूर यांच्याकडून तालीम घेऊन हेच गायकी अंग आपल्या पद्धतीने घडवले.

‘अगदी गळ्यासारखे वाजते’ ही आपल्याकडे व्हायोलिनची सर्वांत मोठी प्रशंसा समजली जाते. मला ती अपुरी वाटते. गवयाजवळ शब्द असतात, वाद्याजवळ नसतात. मैफलीच्या शेवटी व्हायोलिनवर अभंग सुरू झाला की ज्याला तो पाठ आहे तो मनातल्या मनात शब्द भरतो, ओठ हलवतो. आमच्याकडची भजनातली म्हातारी माणसे तर हे बेमालूम करतील. मात्र त्यापूर्वी तासभर वाजलेल्या मारुबिहागात शब्द भरायला काही नसते. तेथे वादकाला केवळ सुरावर आपल्याला बसवून ठेवावे लागते. खरी परीक्षा ती.

नव्या रचनांचे काय? तेथे एक नाव सहसा घेतले जात नाही, ते गोव्यातील माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत ते वादक व संयोजक होते, आणि प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. 1958 साली त्यांनी ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा करून सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात रागांवर आधारित, पण पाश्चात्त्य स्वरलिपीत लिहिलेल्या रचना सादर केल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. तो प्रयोग फार पुढे गेला नाही. पुढे 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’तील एका गाण्यामुळे त्यांचे नाव घरोघरी पोचले, परंतु हा एक खरा व्हायोलिनवादक आहे हे किती जणांना ठाऊक होते?

त्यांच्यापुढचा प्रश्न आजही सुटलेला नाही. लिहिलेल्या रचनेत पन्नास वादक एकत्र वाजवू शकतात, पण मग राग त्या क्षणी वाढत नाही. राग वाढू द्यायचा तर एकच वादक, एक तबला आणि तानपुरा पुरतो. 1970 च्या दशकात एल. शंकर यांनी ‘शक्ती’ या वाद्यवृंदात मधला मार्ग काढला: थोडे ठरवलेले, बाकी तिथल्या तिथे सुचलेले. त्यात चपळाई पुष्कळ आहे. आलापाची निवांत जागा मात्र मला त्यात कमी सापडते.

व्हायोलिनच्या मैफलीस प्रथमच जाणाऱ्या मित्रांनी डाव्या हाताकडे पाहू नये, सगळे तिकडेच पाहतात. गजाकडे पाहावे. गज कोठे उलटतो आणि उलटताना सूर तुटतो की नाही, एवढेच ऐकावे. गवई जेथे श्वास घेतो ती ही जागा.