लाजराची बंधने कोणी सोडायची?

शास्त्रपाठ : योहान ११:३८-४४, रोम. ७:१५-२५, गलती. ६:१-५

मार्च महिना आला की पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या डोंगरउतारांवर काजूची बोंडे पिकू लागतात. बोंडांचा रस आंबवून भट्टीवर चढवला की आधी हुर्राक निघतो आणि तो पुन्हा गाळला की फेणी. २००९ साली काजू फेणीला भौगोलिक मानांकनही मिळाले. कित्येक घरांची वर्षाची बेगमी या हंगामावर चालते. तेव्हा आपल्या भागात दारूविषयी बोलणे म्हणजे शेजाऱ्याच्या पोटापाण्याविषयी बोलणे होय. भट्टी पेटवणाऱ्या प्रत्येकाला व्यासपीठावरून पापी ठरवणाऱ्याचे कोणी ऐकत नाही. शास्त्रही तसे सांगत नाही. स्तोत्र १०४ मध्ये द्राक्षारस देवाच्या देणग्यांत मोजला आहे, आणि नीतिसूत्रांच्या तेविसाव्या अध्यायात त्याच द्राक्षारसाने झिंगलेल्या माणसाचे इतके हुबेहूब चित्र आहे की लिहिणाऱ्याने असा माणूस जवळून पाहिला असावा. हे दोन्ही पाठ वर्गात शिकवावेत.

रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात पौल व्यसनाविषयी लिहीत नाही. त्याचा विषय पाप आणि नियमशास्त्र हा आहे. तरी जे करावेसे वाटते ते हातून होत नाही आणि ज्याचा तिटकारा तेच घडते, ही त्याची कबुली व्यसनी माणसाला आपलीच वाटते. सकाळी शपथ आणि संध्याकाळी पुन्हा पत्रादेवीच्या वाटेवरचे दुकान, असे त्याचे चाललेले असते. त्याला आपली चूक कळत नाही असे आपण समजतो, पण ती त्याला आपल्यापेक्षा जास्त कळते.

आता लाजराकडे या. प्रभूने हाक मारली आणि मेलेला माणूस बाहेर आला. तो जिवंत होता, पण हातपाय बांधलेले होते आणि तोंडाला रुमाल गुंडाळलेला होता. ज्याने मेलेल्याला उठवले त्याला ती वस्त्रे सोडणे कठीण होते काय? तरी ते काम त्याने भोवती उभ्या असलेल्या लोकांना सांगितले. जीवन देणे प्रभूचे आहे. बंधने सोडण्याचे काम त्याने मंडळीच्या हाती दिले आहे. उपासनेत कोणी पुढे येऊन रडला म्हणजे त्याचे सर्व झाले, असे मानून आपण घरी जातो, आणि तो बांधलेलाच राहतो.

यातले पहिले बंधन शरीराचे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली तर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात, जिवावरही बेतू शकते. म्हणून प्रार्थना करावी आणि त्याला डॉक्टरांकडेही न्यावे. बांबोळीला मानसोपचाराची सरकारी संस्था आहे. औषध घेणे हा अविश्वास नव्हे.

दुसरे बंधन एकटेपणाचे. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी दोन मद्यपी एकमेकांना भेटले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभी राहिली. ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीतून त्यांनी कबुली देणे व भरपाई करणे हे घेतले होते. याकोब ५:१६ मध्ये हेच आहे. आपण मात्र ते वाचून पुढे जातो. आपल्याकडे फादर ज्यो परेरांनी १९८१ साली मुंबईत कृपा फाउंडेशन सुरू केले, आणि १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचटांचे मुक्तांगण. पंथ वेगळा म्हणून तिकडे माणूस पाठवायला कचरू नये.

आपल्या गोव्यातलाच एक दाखला आहे. ‘संगत’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर एक पाहणी केली. ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, साधे शिकवून तयार केलेले लोक होते. तीन महिन्यांनी त्यांच्याकडे आलेल्यांपैकी शेकडा ३६ जण घातक पिण्यातून बाहेर आले होते. नुसत्या नेहमीच्या उपचारात हे प्रमाण २६ होते. ही पाहणी पूर्ण व्यसनात बुडालेल्यांवर नव्हती, हे लक्षात ठेवावे. तरी शांतपणे ऐकून घेणारा सामान्य माणूस काय करू शकतो, हे यात दिसते.

गलतीकरांच्या पत्रात एक अडचण आहे. दुसऱ्या वचनात एकमेकांची ओझी वाहा आणि पाचव्यात ज्याने त्याने आपला भार वाहावा. मूळ ग्रीकमध्ये शब्द निराळे आहेत : पहिला ‘बारोस’, चिरडणारे ओझे, दुसरा ‘फोर्तिओन’, ज्याचे त्याने उचलायचे गाठोडे. नवऱ्याला बरे नाही असे मुकादमाला खोटे कळवणारी पत्नी, उधारी परस्पर फेडणारा भाऊ, ही मायेची माणसे त्याचे गाठोडे उचलतात. मंडळीने त्या पत्नीचे ओझे उचलावे : मुलांची फी, रात्री दार ठोठावले तर आसरा. सत्तर वेळा सात क्षमा करा असे प्रभू म्हणाला; हाती पैसे द्या असे नव्हे.

आणि प्रभुभोजनाचा प्याला? १८६९ साली अमेरिकेतील मेथॉडिस्ट थॉमस वेल्च यांनी न आंबणारा द्राक्षरस तयार केला, तो याच प्याल्यासाठी. ज्या मंडळीत अजून आंबवलेला द्राक्षारस चालतो, तिथल्या वडिलांनी सावरू पाहणाऱ्या एका भावासाठी तरी हा प्रश्न सभेपुढे आणावा.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एवढेच : हा पाठ घेताना कोणाच्या घरी कोण पितो हे विचारू नका. वर्गात एखादे मूल खाली मान घालून बसले असेल तर वर्ग सुटल्यावर त्याच्याबरोबर घरापर्यंत चालत जा. बापाचे पिणे तुझ्यामुळे नाही, हे त्याला वाटेत स्पष्ट शब्दांत सांगा.