एक्झॉस्टचा तुटलेला स्टड कसा काढावा?

रत्नागिरीच्या किनारपट्टीवर गॅरेज चालविणाऱ्या आपल्या कारागीर बंधूंना हा अनुभव नवा नाही. मालक दोन वर्षे आखातात आणि गाडी अंगणात ताडपत्रीखाली. तो सुटीवर येतो, गाडी सुरू करतो आणि इंजिनातून टक्‌टक्‌ आवाज येऊ लागतो. मॅनिफोल्डचे गॅस्केट फुटलेले असते. आपण पाना लावतो आणि नटाबरोबर अर्धा स्टडच हातात येतो. तासाभराचे काम दोन दिवसांवर जाते.

असे का होते, हे आधी समजून घेऊ. डिसेंबर १९८३ ते जानेवारी २०१४ या काळात निघालेली मारुती ८०० आजही आपल्याकडे कामाला येते. तिचे हेड ॲल्युमिनियमचे, स्टड मात्र पोलादी. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. त्यात खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. दोन वेगळ्या धातूंमध्ये खारे पाणी शिरले की ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होते आणि ती आट्यांत घट्ट बसते. बाहेर उरलेला स्टड गंजून बारीक झालेला असतो, म्हणून जोर लावला की तिथेच तुटतो.

म्हणून खरी मेहनत तुटण्याआधीची आहे. तारेच्या ब्रशने आटे साफ करावेत, गंज सोडविणारे तेल आदल्या रात्री सोडावे, सकाळी पुन्हा सोडावे. सहा कोनी बॉक्स पानाच वापरावा. नट थोडा सुटला की थोडा परत आवळावा, मग पुन्हा सोडावा. एकदम ओढू नये. आणि पाना लावण्यापूर्वीच गिऱ्हाइकाला सांगावे की स्टड तुटू शकतो, तुटला तर इतका खर्च येईल. तुटल्यावर सांगितलेला दर कोणालाच पटत नाही.

तुटलेला तुकडा तीन-चार मिलिमीटर बाहेर असेल तर नशीब चांगले. त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग भरावे. पोलादाचा टाका ॲल्युमिनियमला धरत नाही. शिवाय त्या आचेने स्टड फुगतो, थंड होताना आकसतो आणि पकड सुटते. लाली गेली की आट्यांच्या तोंडाशी मेणबत्ती टेकवावी, मेण आत ओढले जाते. मग पाना मागे-पुढे फिरवावा. पहिला नट निसटला तर दुसरा लावावा. तीन-चार वेळाही करावे लागते. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या वायरी काढाव्यात, आधी सोडलेले तेल पुसावे, पेट्रोलची नळी बंद करून दूर करावी. इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटरचे कनेक्टरही काढावेत. गॅसची ज्योत हेडवर धरणाऱ्यांनी जपावे. ॲल्युमिनियम लाल न होताच ६६० अंशांना वितळते.

तुकडा सपाट तुटला असेल तर कसोटी लागते. कानशीने तोंड सपाट करावे आणि बरोबर मध्यावर पंच मारावा. ड्रिल पोलादावरून घसरून मऊ ॲल्युमिनियममध्ये शिरते. त्यावर चांगला उपाय म्हणजे मॅनिफोल्ड बाकीच्या स्टडवर परत बसवून त्याच्या भोकात लेथवर काढलेला बुश घालावा. ड्रिल सरळ जाते. आधी ३, मग ५, मग ६.५ मिलिमीटर. उरलेली सालपट बारीक छिन्नीने सोडवून आठ मिलिमीटरचा टॅप फिरवावा. आटेच गेले असतील तर हेलिकॉइल बसवावे. त्यात कमीपणा नाही.

इझी-आउटबद्दल मात्र आमचे मत कडक आहे. वेल्डिंगने न सुटलेला तुकडा त्या बारीक हत्याराने क्वचितच सुटतो. एकदा संध्याकाळची गाडी द्यायची म्हणून आम्हीच घाई केली आणि इझी-आउट आत तुटला. त्याचे पोलाद इतके कडक की साधे ड्रिल चालेना. हेड उतरवून आंबा घाटाने कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेले, तिथे स्पार्क मशीनवर तुकडा जाळून काढला. गिऱ्हाइकाची सुटीतली चार दिवस गाडी गेली. खर्च आम्ही सोसला, कारण चूक आमची होती.

बसवताना नवा स्टड, नवे गॅस्केट आणि आट्यांना तांब्याचे ग्रीस. जुना स्टड चांगला दिसला तरी वापरू नये. नट मधून बाहेर अशा क्रमाने, कंपनीच्या पुस्तकातल्या मापाने आवळावेत. दोन दिवस गाडी चालल्यावर, इंजिन थंड असताना, तेच नट पुन्हा तपासावेत.