हाक पोचली तर मदत येते



आपल्या जोयडा तालुक्यात उगम पावणारी काळी नदी कारवारला अरबी समुद्रास मिळते. याच समुद्रातून निघालेल्या दोन बोटींची माहिती आज आपण घेऊ.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, नोव्हेंबर १९४२ मध्ये, 'तिलावा' हे प्रवासी जहाज ९५८ माणसे घेऊन मुंबईहून आफ्रिकेस निघाले. २३ नोव्हेंबरला पहाटेपूर्वी जपानी पाणबुडीने त्यावर पाणतीर सोडले. बिनतारी यंत्रावरील अधिकारी डंकन शेवटपर्यंत मदतीचा संदेश पाठवत राहिले व जहाजाबरोबरच बुडाले. दोन दिवसांनी ब्रिटिश युद्धनौका 'बर्मिंगहॅम' मदतीस आली. २८० माणसे गेली, पण ६७८ वाचली.

१७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला जाणारी 'रामदास' बोट खवळलेल्या समुद्रात बुडाली. किनारा दूर नव्हता. पण बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबईला बातमी कित्येक तासांनी, वाचलेल्यांकडूनच कळली. रेवसकडच्या कोळी बांधवांनी काहींना वाचवले, तरी सहाशेहून अधिक माणसे गेली.

युद्ध असो वा पावसाळा, वेळेवर कळवणे ही सुटकेची पहिली पायरी आहे, असे आम्हांस वाटते. आपल्या रानवाटांवर पुष्कळ ठिकाणी फोन लागत नाही. म्हणून कुठे जातो व केव्हा परतणार, हे घरी सांगूनच निघावे. कोणी बुडताना दिसल्यास पाण्यात उडी घेऊ नये. मोठ्याने ओरडून माणसे जमवावी. काठावरूनच दोर किंवा लांब काठी पुढे करावी.

विचार करा : किनारा जवळ असूनही 'रामदास'ला मदत वेळेवर का मिळाली नाही?