फोटोखालची ओळ

चि. सायली,


शिरोळच्या उसाच्या फडातले फोटो पाहिले. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारी बाई छान पकडली आहेस, उजेडही साधलाय. खाली मात्र एवढंच लिहिलंस : ‘ऊसतोड महिला, शिरोळ’. कोण ही? गाव कुठलं? या हंगामाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, किती घेतली आणि किती फिटली? हे तू विचारलंच नाहीस, आणि तुझ्या सरांनी त्यावर चांगले मार्क दिले याचं मला जास्त वाईट वाटलं.

डोरोथिया लँगचा ‘मायग्रंट मदर’ हा फोटो तुम्हाला पहिल्याच वर्षी दाखवतात. 1936च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात निपोमोजवळ वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर काढलेला. लँगने त्या बाईचं नाव विचारलं नव्हतं. गाडीचे टायर विकून त्या कुटुंबाने अन्न घेतलं, असं पुढे छापलं गेलं. तिच्या घरच्यांनी ते नाकारलं. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्सन हे नाव जगाला 1978 साली कळलं, आणि आपला चेहरा जगभर फिरला पण हाती काही आलं नाही, ही तिची नाराजीही तेव्हाच. गंमत म्हणजे हीच लँग एरवी लोकांची वाक्यं जशीच्या तशी टिपून ठेवायची. नवरा पॉल टेलरबरोबरच्या तिच्या 1939च्या पुस्तकात फोटोंखाली त्या माणसांचेच शब्द आहेत. त्या दिवशी तेवढं राहिलं.

तेव्हा पुन्हा फडात जा. पण काम चालू असताना कुणाला थांबवू नकोस. मजुरी टनावर मिळते. तुझ्या दहा मिनिटांचे पैसे तिच्या खिशातून जातात. पहाटे तोड सुरू होते तेव्हा शांतपणे फोटो काढ, 35 मिमीची लेन्स लाव आणि जवळ जा. लांबून झूमने चोरून काढलेला चेहरा मला कधीच आवडला नाही.

बोलायचं ते संध्याकाळी, कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपडीवर. ती भाकरी थापत असेल तर थापू दे, तू शेजारी बस. मोबाइल रेकॉर्डर चुलीपासून दूर ठेव, नाहीतर जाळाची तडतडच ऐकू येईल. ‘कसं वाटतं?’ हा प्रश्न विसरून जा. त्याला ‘काय वाटायचं?’ एवढंच उत्तर मिळतं. आज किती मोळ्या बांधल्या, उठलात किती वाजता, पोरं कुणाजवळ ठेवली, असं विचार. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचलीचा हिशेब बहुधा त्याच्याकडे असतो. म्हणून तिला वेगळं विचार, आणि उचल देणारा मुकादम जवळ नसताना विचार. तो उभा असला की सगळं ‘बरं चाललंय’.

बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या 2019 साली गाजल्या. त्यानंतर अनेक पत्रकार त्या एकाच प्रश्नासाठी कोपीत शिरले. तू तिथून सुरुवात करू नकोस. तिने काढला विषय तर ऐक, आणि नाव-चेहरा छापायचा की नाही ते तिलाच ठरवू दे. फोटो कुठे छापून येणार हेही आधी सांग. मुकादमाविरुद्धचं एक वाक्य छापून आलं तर पुढच्या वर्षी तिला उचल मिळणार नाही. तू तोवर दुसऱ्या असाइनमेंटवर असशील. परवानगी म्हणजे नुसती मान हलवणं नव्हे. आणि पोरांचे चेहरे आई-बापांना विचारल्याशिवाय नकोत, कितीही गोड असले तरी.

वहीत नावं तिच्यासमोर लिही, वाचून दाखव. फोटोचा नंबर शेजारी टाक, नाहीतर घरी आल्यावर एकीची गोष्ट दुसरीच्या चेहऱ्याला चिकटते. पी. साईनाथांनी 2014 साली सुरू केलेल्या ‘पारी’ या संकेतस्थळावर जाऊन फोटोंखालच्या ओळी वाच. फोटो नंतर बघ.

प्रिंट तिला द्यायचेच. पत्ता घेताना गावचा घे. एप्रिल-मेमध्ये त्या कोप्या तिथे नसतील. प्रिंट आपल्या नेहमीच्या लॅबमध्ये काढू, पैसे मी देतो.

तुझा,
मामा