मादागास्कर : एक बेट, चार मुलूख



व्हरांड्यातल्या जगाच्या नकाशात मुंबईवर बोट ठेवा. आता ते बोट समुद्रातून नैर्ऋत्येला न्या. विषुववृत्त ओलांडा. आफ्रिकेच्या अलीकडे एक लांबट बेट लागेल. तेच मादागास्कर. मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला १९ अंशांवर आहे. या बेटाची राजधानी अंतानानारिव्हो दक्षिणेला १९ अंशांवर आहे. त्यामुळे तिथले ऋतू आपल्या उलट असतात. आपल्याकडे दिवाळी होऊन थंडी पडते, तेव्हा तिकडे पावसाळा सुरू होतो. आहे की नाही गंमत?

बेट असले तरी ते लहान नाही. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५,८७,००० चौ. कि.मी. आहे. आपल्या महाराष्ट्राचे ३,०७,७१३ चौ. कि.मी. आहे. म्हणजे जवळजवळ दोन महाराष्ट्र मावतील. ग्रीनलंड, न्यू गिनी आणि बोर्निओ यांच्यानंतर जगात त्याचा चौथा नंबर लागतो. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे १,६०० कि.मी. आहे.

डोंगर आणि वारा

आपला सह्याद्री पश्चिमेला आहे. समुद्राचा वारा त्याला अडतो, म्हणून कोकणात धो धो पाऊस आणि माण-खटावला टंचाई. मादागास्करला हेच उलट्या बाजूने आहे. तिथे डोंगराची मोठी रांग पूर्वेला आहे आणि ओला वारा पूर्वेच्या समुद्रावरून येतो. पूर्वेला पाऊस पडून जातो. पश्चिमेला कमी उरतो, नैर्ऋत्येला तर फारच कमी. पूर्वेच्या नद्या आखूड व जोराने धावणाऱ्या, पश्चिमेच्या नद्या लांब व संथ. एका डोंगरामुळे एकाच बेटाचे चार मुलूख झाले.

पहिला मुलूख – पूर्वेचे ओले रान

इथे काही ठिकाणी वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. रान हिरवेगार आणि दाट. इथे इंद्री नावाचा काळा-पांढरा लेमूर राहतो. लेमूर हा माकडाचा लांबचा भाऊबंद. इंद्रीला शेपूट नसल्यासारखीच असते. सकाळी तो गळा काढून ओरडतो, ते एक-दोन कि.मी. लांब ऐकू जाते. प्राणिसंग्रहालयात त्याला जगवता आलेले नाही. त्याला त्याचे रानच लागते.

ईशान्येला व्हॅनिलाच्या वेली लावतात. आइस्क्रीममधला व्हॅनिला या वेलीच्या शेंगेपासून मिळतो. वेल मूळची मेक्सिकोची. तिचे फूल एकच दिवस उमलते, आणि तिथे प्रत्येक फुलाचे परागीभवन माणसाला हाताने करावे लागते. ही युक्ती १८४१ साली शेजारच्या रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस याने शोधली. तेव्हा तो गुलाम होता आणि फक्त १२ वर्षांचा होता! म्हणजे आपल्याहून दोनच वर्षांनी मोठा.

दुसरा मुलूख – मधले पठार

हे उंचावर आहे, म्हणून थंड आहे. इथली माती लाल. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे आहेत. वशिंड असलेली गुरे पाण्याने भरलेल्या खाचरात फिरवून चिखलणी करतात. लोक तिन्ही वेळेला भात खातात. भात काढला की पातेल्याच्या बुडाला जी खरवड राहते, तिच्यात पाणी घालून उकळतात आणि ते पाणी पितात. आमची आजी म्हणाली, "बरे आहे, भांडेही निघते!"

आफ्रिका जवळ असली तरी इथल्या लोकांची मालागासी भाषा बोर्निओकडच्या भाषेची बहीण आहे. हजार वर्षांहून आधी त्यांचे पूर्वज होड्यांतून अख्खा हिंदी महासागर ओलांडून आले. पुढे फ्रेंचांनी राज्य केले. २६ जून १९६० रोजी देश स्वतंत्र झाला.

तिसरा मुलूख – पश्चिमेचे कोरडे रान

इथे वर्षातले बरेच महिने पाऊस नसतो. म्हणून झाडे पाने गाळतात. मोरोंदावा गावाजवळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोरखचिंचेची प्रचंड झाडे आहेत. काही ३० मीटरपर्यंत उंच होतात. जाड खोडात ती पाणी साठवतात. आपल्याकडे दिसणारी गोरखचिंच आफ्रिकेच्या जातीची आहे. मादागास्करच्या सहा जाती मात्र आणखी कुठेही नाहीत.

इथेच चुनखडीच्या दगडाचे सुयांसारखे सुळके आहेत. पावसाने दगड झिजून ते झाले. त्यांना 'सिंजी' म्हणतात. त्यावर पाय पुरा टेकता येत नाही, चवड्यांवरच चालावे लागते.

चौथा मुलूख – दक्षिणेचे काटेरी रान

इथे पाऊस फार थोडा. झाडांना पानांपेक्षा काटेच जास्त. शेपटीवर काळे-पांढरे पट्टे असलेले लेमूर इथे राहतात. सकाळी हात पसरून ते उन्हाला बसतात. २०२१ साली, पाऊस वर्षानुवर्षे हुकल्यामुळे, इथे मोठी उपासमार झाली. लोकांनी निवडुंग खाऊन दिवस काढले.

आपल्या अंगणातले मादागास्कर

फार फार पूर्वी भारत आणि मादागास्कर एकमेकांना चिकटलेले होते. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी ते वेगळे झाले. तेव्हापासून हे बेट एकटे पडले, म्हणून तिथे वेगळेच प्राणी तयार झाले. वाघ नाही, हत्ती नाही, नागही नाही. पण जगातल्या सरड्यांपैकी रंग बदलणारे जे शॅमेलिऑन, त्यांच्या जवळजवळ निम्म्या जाती तिथे आहेत.

आपला गुलमोहर मूळचा तिथला. दारातली सदाफुलीसुद्धा तिथलीच! सदाफुलीपासून लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर औषध मिळाले. (पण ती विषारी आहे. पाने तोंडात घालू नका हं.)

रान का जपायचे?

आपल्याकडे भाताच्या रोपासाठी राब भाजतात, तो वाफ्यापुरता. मादागास्करमध्ये गरीब शेतकरी भातासाठी रान तोडून जाळतात. राखेमुळे एक-दोन वर्षे पीक येते. मग पावसाने माती वाहून जाते आणि परत नवीन रान तोडावे लागते. बेत्सिबोका नदी या मातीने लालभडक होते आणि समुद्राचे तोंडही लाल करते. त्या लोकांना नुसता दोष देऊन काय उपयोग? भूक लागली तर माणूस काय करील? पोटाला दुसरा आधार मिळाला, तरच रान वाचेल.

या बेटावर पूर्वी शहामृगाहून मोठा पक्षी होता. त्याच्या एका अंड्यात कोंबडीची दीडशे अंडी मावतील. तो आता कुठेच नाही. इंद्री तिथून गेला, तर तोही जगातून गेला. सदाफुलीचे रान कुणी आधीच जाळून टाकले असते, तर ते औषध आपल्याला मिळाले असते का?

सांगा पाहू!

१. मादागास्करच्या पूर्वेला जास्त पाऊस का पडतो?
२. व्हॅनिलाच्या फुलाची युक्ती कोणी शोधली?
३. तुमच्या दारात मादागास्करचे कोणते झाड आहे? घरी जाऊन बघा आणि उद्या फळ्यावर लिहा.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी